बगदादची खातून

अरबी सुरस कथांतून बगदाद हे नाव लहानपणापासून आपल्या कानांवर पडत असते. खलिफा हारून अल रशीद वेष पालटून रात्रीच्या वेळी जिच्या गल्ल्यांतून हिंडत असे, त्या टायग्रीस नदीकाठच्या नगरीत सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक इंग्रज स्त्री राहत होती. बागेतील एका लहानशा घरात तिचे वास्तव्य असे. पहाटे घोड्यावरून रपेट करावी आणि मग सरकारी कचेरीत जाऊन कामास लागावे, असा तिचा नित्यक्रम होता. तिच्या दिवाणखान्यात वाळवंटातील टोळ्यांचे शेख येत, धर्मपंडित येत, व्यापारी येत, राजाचे मंत्रीही येत. प्रत्येकाशी ती त्याच्याच भाषेत बोले आणि त्याच्या कुळाची, गावाची व भांडणतंट्यांची आठवणीने विचारपूस करी. बगदादचे लोक तिला ‘खातून’ म्हणत. खातून म्हणजे मानाची, थोर घरची स्त्री. या खातूनचे नाव गर्ट्रूड बेल. ब्रिटनचा परराष्ट्रविषयक कारभार पूर्णपणे पुरुषांच्या हाती होता, त्या काळात एका नव्या राज्याच्या स्थापनेत जिचा शब्द वजनदार ठरला, अशी ही स्त्री होती.

इंग्लंडच्या ईशान्य भागातील डरहॅम परगण्यात १४ जुलै १८६८ रोजी गर्ट्रूडचा जन्म झाला. तिचे आजोबा सर आयझॅक लोथियन बेल हे लोखंडाच्या धंद्यातील अग्रगण्य कारखानदार, रसायनशास्त्राचे जाणकार आणि पार्लमेंटचे सभासद होते. घरी संपत्तीला तोटा नव्हता. तथापि गर्ट्रूड अवघी तीन वर्षांची असताना तिच्या धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी तिची आई निवर्तली. वडील ह्यू बेल यांनी लेकीला अतिशय मायेने वाढविले. पुढे पाच वर्षांनी सावत्र आई घरात आली. फ्लॉरेन्स बेल ही लेखिका होती. मिडल्सबरो येथील लोखंडी कारखान्यांतील मजुरांच्या घरी जाऊन त्यांच्या संसाराची चौकशी करणारी आणि ती ग्रंथरूपाने मांडणारी ती विचारी स्त्री होती. या मायलेकींचे चांगले जमले. गर्ट्रूड जगात कोठेही असो, ती आईवडिलांना नियमाने पत्रे लिही. अशी सुमारे सोळाशे पत्रे आज उपलब्ध आहेत. तिच्या मनात वेळोवेळी काय चालले होते, हे मुख्यतः त्यांवरूनच कळते.

त्या काळी श्रीमंत घरच्या मुलींना घरीच थोडेफार शिकवून त्यांचे लग्न करून देण्याची रीत होती. गर्ट्रूडची जिज्ञासा मात्र घरच्या शिक्षिकेला आवरेना. तेव्हा तिला लंडनच्या क्वीन्स कॉलेजात आणि नंतर १८८६ मध्ये ऑक्सफर्डला लेडी मार्गारेट हॉल येथे पाठविण्यात आले. विद्यापीठात मुलींना प्रवेश मिळू लागून तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. सोबतीला कोणी वडीलधारी स्त्री असल्यावाचून त्यांना बाहेर पडण्याची मोकळीक नसे. गर्ट्रूडने दोन वर्षांतच अभ्यास पुरा केला आणि १८८८ मध्ये अर्वाचीन इतिहास या विषयात प्रथम वर्ग मिळविला. ऑक्सफर्डमध्ये या विषयात असे यश मिळविणारी ती पहिली स्त्री होय. परंतु पदवी काही तिच्या हाती पडली नाही. स्त्रियांना पदवी देण्यास ऑक्सफर्डने १९२० मध्ये सुरुवात केली!

१८९२ मध्ये तिच्या आयुष्यास निराळे वळण लागले. तिचे एक नातलग सर फ्रँक लॅसेल्स हे तेहरान येथे ब्रिटनचे वकील होते. त्यांच्याकडे जाण्याची तिला संधी मिळाली. निघण्यापूर्वीच तिने फारसी भाषेचा अभ्यास सुरू केला होता. मराठीत रुळलेले कितीतरी शब्द ज्या भाषेतून आपल्याकडे आले, तीच ही भाषा. इराणातील गुलाबांच्या बागा, उघडे डोंगर, बाजार आणि काव्य यांनी गर्ट्रूडला भारून टाकले. तेथील ब्रिटिश वकिलातीत हेन्री कॅडोगन नावाचा तरुण अधिकारी होता. काव्यावरील प्रेमाने दोघे जवळ आले आणि त्यांनी विवाहाचे ठरविले. परंतु कॅडोगन कर्जबाजारी असल्याने वडिलांनी संमती दिली नाही. वडिलांचा शब्द मोडणे गर्ट्रूडच्या मनातही येईना. ती जड अंतःकरणाने इंग्लंडला परतली. १८९३ मध्ये कॅडोगन आजारी पडून मरण पावल्याची बातमी आली. तिने आपले दुःख बोलून दाखविले नाही. मात्र हाफिजच्या कवितांचे भाषांतर हाती घेतले. ते १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जाणकारांनी त्याची वाखाणणी केली.

यानंतरच्या काही वर्षांत तिने दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वताची अवघड शिखरे चढण्याचा छंद लावून घेतला. तेथील एका सुळक्याला तिच्यावरून गर्ट्रूडस्पिट्झ असे नावही मिळाले आहे. १९०२ मध्ये फिन्स्टरआरहॉर्न या ४,२७४ मीटर उंचीच्या शिखराच्या ईशान्येकडील कड्यावरून वर जाण्याचा तिने बेत केला. त्या बाजूने तोवर कोणीच शिखर गाठले नव्हते. सोबत उलरिख व हाइनरिख फ्यूरर हे वाटाडे होते. माथा थोडाच दूर राहिला असता हिमवादळाने त्यांना गाठले. विजा जवळच कोसळू लागल्या. वर जाता येईना आणि खाली उतरण्याची वाटही दिसेना. एकमेकांस दोराने बांधून घेऊन तिघांनी कड्यावरच दोन रात्री काढल्या. त्रेपन्न तास ती दोरावर होती. अखेर खाली पोहोचली, तेव्हा तिचे हातपाय हिमदंशाने बधिर होऊन सुजले होते. शिखर काही सर झाले नाही. पण या स्त्रीच्या धैर्याचा बोलबाला आल्प्समधील वाटाड्यांत पुष्कळ वर्षे होत राहिला.

मात्र तिचे मन खरे रमले ते वाळवंटात. १८९९ च्या अखेरीस ती अरबी शिकण्यासाठी जेरुसलेमला जाऊन राहिली. फारसी तिला लवकर आली होती; अरबीने मात्र तिचा घाम काढला. घशातून निघणारे काही उच्चार जिभेवर बसेनात. तरीही तिने नाद सोडला नाही. १९०५ मध्ये ती सीरियाच्या वाळवंटातून हिंडली. पुढे आशिया मायनरमध्ये सर विल्यम रॅमसे या विद्वानाबरोबर तिने जुन्या चर्चच्या अवशेषांची मोजमापे घेतली. १९०९ मध्ये युफ्रेटीस नदीच्या काठाने ती मेसोपोटेमियात उतरली आणि उखैदिर येथील प्रचंड जुन्या किल्लेवजा राजवाड्याचा तिने नकाशा तयार केला. या प्रवासांवर तिने ग्रंथ लिहिले व हजारो छायाचित्रे घेतली.

तिच्या प्रवासाचा थाट पाहण्याजोगा असे. उंटांवर तंबू, घडीचे स्नानपात्र, चिनी मातीची भांडी, टेबलावर अंथरायचे पांढरे कापड, संध्याकाळी घालावयाचे रेशमी पोशाख आणि पुस्तके लादलेली असत. त्यांतच जमीनमोजणीची उपकरणे दडविलेली असत. अर्मेनियन नोकर फत्तूह याची निष्ठेची सोबत असे. एखाद्या टोळीच्या मुलखात शिरताच गर्ट्रूड थेट शेखाच्या तंबूकडे जाई. अरब लोक पाहुण्याला देवासारखे मानतात. तंबूत कॉफी उकळे, छोट्या पेल्यांतून ती फिरविली जाई आणि गप्पा रंगत. कोणत्या टोळीचे कोणाशी वैर आहे, कोणी कोणाची मुलगी केली, कोणत्या विहिरीला यंदा पाणी आहे, हे सारे ती कान देऊन ऐके आणि रात्री कंदिलाच्या उजेडात टिपून ठेवी. आपण अभ्यासासाठी व हौसेखातर हे करीत आहोत, असेच तिला वाटत असावे. परंतु एखाद्या मुत्सद्द्याला जी विद्या लागते, ती ती याच तंबूंत बसून शिकत होती. हे ज्ञान पुढे कोणाच्या हाती पडणार होते, याची कल्पना तिला कॉफी पाजणाऱ्या शेखांना मात्र नव्हती.

तिचा सर्वांत धाडसी प्रवास १९१३ च्या डिसेंबरात सुरू झाला. अरबस्तानच्या मध्यभागी हाइल नावाचे तटबंदीचे गाव आहे. तेथे रशीद घराण्याचे अमीर राज्य करीत. या घराण्यात भावाने भावाचा आणि चुलत्याने पुतण्याचा जीव घेतल्याचे प्रसंग इतके घडले होते की, परका मनुष्य तेथे जाण्यास सहसा धजत नसे. तुर्की व ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिला जाऊ नये म्हणून बजावले. ती थांबली नाही. दमास्कसहून निघून थंडीवाऱ्यात अनेक आठवडे उंटावरून वाटचाल करीत फेब्रुवारी १९१४ च्या अखेरीस ती हाइलच्या वेशीशी आली.

अमीर पोरवयाचा होता आणि तो लढाईसाठी दूर गेला होता. त्याच्या एका नातलगाने गर्ट्रूडचे स्वागत केले. परंतु तिला एका वाड्यात उतरवून बाहेर पडण्यास मनाई केली. दमास्कसमध्ये अमीराच्या माणसाकडे पैसे भरून तिने त्यांची हुंडी बरोबर आणली होती. अमीर परत आल्यावाचून ती वटणार नाही, असे तिला सांगण्यात आले. हातात पैसा नाही, उंट चरावयास दूर पाठविलेले, दाराशी पहारा. अंतःपुरातील स्त्रिया तिला भेटत, आपली सुखदुःखे सांगत. त्यांच्यापैकी कित्येकींचे पती एकमेकांच्या हातून मारले गेले होते. अकरा दिवस असे गेले. शेवटी एके दिवशी दरबारातील माणसांसमोर तिने स्वच्छ अरबीत आपली मागणी मांडली आणि उत्तराची वाट न पाहता एकाएकी उठून ती चालू लागली. अरबांच्या रिवाजात अशा प्रकारे उठून जाण्याचा मान मोठ्या शेखालाच असतो. काही तासांतच तिचे उंट आणि सोन्याची थैली तिच्या मुक्कामी आली! ती मोकळी झाली. तेव्हा तिने काय करावे? घाईने पळ काढण्याऐवजी आता गाव पाहू द्या, अशी विनंती तिने केली आणि दिवसाउजेडी हाइलची छायाचित्रे घेऊन मगच ती बाहेर पडली. या प्रवासाबद्दल लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तिला १९१८ मध्ये सुवर्णपदक दिले.

ती मायदेशी परतली आणि थोड्याच महिन्यांत पहिल्या महायुद्धाचा वणवा पेटला. प्रथम तिने फ्रान्समधील बूलोन येथे रेड क्रॉसच्या कचेरीत जखमी व बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम केले. याच काळात, एप्रिल १९१५ मध्ये, तिचा जिवलग स्नेही कर्नल डाउटी-वायली गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. तिच्या आयुष्यातील हा दुसरा घाव.

तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले होते. अरब मुलखाचा मोठा भाग तेव्हा तुर्की साम्राज्यात मोडत असे. त्यामुळे टोळ्यांची, विहिरींची व वाटांची माहिती असलेल्या माणसांची ब्रिटिशांना अत्यंत निकड भासू लागली. तंबूंत बसून लिहिलेल्या त्या टिपणवह्यांना आता निराळेच मोल आले. १९१५ च्या नोव्हेंबरात गर्ट्रूडला कैरोस बोलावण्यात आले. अरबांविषयीचे धोरण कसे असावे, याबाबत कैरोतील अधिकारी आणि हिंदुस्थान सरकार यांचे पटत नव्हते. म्हणून १९१६ च्या आरंभी ती दिल्लीस येऊन व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना भेटली आणि तेथून मार्चमध्ये बसऱ्यास गेली.

बसऱ्याची मोहीम हिंदुस्थानातून चालविली जात होती आणि तेथील फौजेत हिंदी सैनिकांचा मोठा भरणा होता. तिच्यातील सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ या नावानेच ओळखली जाई. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. हीच डिव्हिजन त्या वेळी कूत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. १४७ दिवस उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० लोक कैद झाले आणि त्यांतील हजारो पुन्हा घरी परतले नाहीत. ज्या मुलखाच्या भवितव्याचा विचार ब्रिटिश मुत्सद्दी नकाशे पसरून करीत होते, त्याच्या मातीत सातारा-कोल्हापूरकडील शेतकऱ्यांची मुलेही पुरली गेली.

बसऱ्यात प्रारंभी गर्ट्रूडला ना हुद्दा होता, ना कचेरी. एक बाई सैन्याच्या छावणीत काय करणार, असे कित्येक अधिकारी कुजबुजत. तिने वाद घातला नाही. ती नकाशे तपासू लागली, टोळ्यांची टाचणे तयार करू लागली. मुख्य राजकीय अधिकारी सर पर्सी कॉक्स हे शांत, मितभाषी गृहस्थ होते. तिच्या कामाचे मोल त्यांनी ताबडतोब ओळखले. लवकरच तिला रीतसर राजकीय अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला. तेथील ब्रिटिश सैन्याबरोबरच्या राजकीय अधिकाऱ्यांत ती एकटीच स्त्री होती. १९१७ च्या मार्चमध्ये बगदाद पडले, तेव्हा कॉक्स यांनी तिला तेथे बोलावून घेतले आणि ती ‘ओरिएंटल सेक्रेटरी’, म्हणजे स्थानिक लोकांशी संबंध राखणारी चिटणीस, झाली. हे पद तिने अखेरपर्यंत सांभाळले.

युद्ध संपले आणि खरा प्रश्न उभा राहिला. तुर्क तर गेले. आता या देशाचा कारभार कोणी करावा? कॉक्स यांच्या जागी तात्पुरते काम पाहणारे आर्नोल्ड विल्सन यांना हिंदुस्थानाप्रमाणे येथेही ब्रिटिशांचे थेट राज्य असावे, असे वाटे. गर्ट्रूडचे मतही सुरुवातीस यापासून फार दूर नव्हते. परंतु १९१९ मध्ये तिने दमास्कसला भेट दिली. तेथे अरबांनी आपला कारभार आपण चालविल्याचे तिने पाहिले आणि तिचे मत पालटले. लोकांच्या मनात स्वराज्याची इच्छा जागी झाली असता ती दडपून टाकता येणार नाही, असा अहवाल तिने लिहिला. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या विरुद्ध मत लेखी मांडणे हे सोपे नव्हते. विल्सन संतापले. दोघे एकाच कचेरीत असूनही त्यांचे बोलणे जेमतेम उरले. १९२० मध्ये मेसोपोटेमियाचा कारभार राष्ट्रसंघाच्या नावे ब्रिटनकडे सोपविल्याचे जाहीर होताच देशभर उठाव झाला. तो मोडण्यासाठी विमानांतून बाँबही टाकण्यात आले. हजारो अरब आणि शेकडो ब्रिटिश व हिंदी सैनिक मृत्युमुखी पडले. गर्ट्रूडचे म्हणणे खरे ठरले होते. पण ते ऐकून घेण्यास फार उशीर झाला होता.

त्याच वर्षी मेसोपोटेमियातील कारभाराचा तिने लिहिलेला विस्तृत अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. एका स्त्रीने असा सरकारी दस्तऐवज लिहावा, याचेच वर्तमानपत्रांना अधिक नवल वाटले. या गोष्टीची तिला चीड आली. येथे एक विसंगती सांगितली पाहिजे. महायुद्धापूर्वी इंग्लंडात स्त्रिया मताधिकारासाठी झगडत होत्या, तेव्हा हीच गर्ट्रूड त्या चळवळीस विरोध करणाऱ्या संघटनेची चिटणीस होती. स्वतःसाठी तिने एकही दार बंद राहू दिले नाही. इतर स्त्रियांसाठी ते उघडावे, असे मात्र तिला त्या वेळी वाटले नाही.

मार्च १९२१ मध्ये वसाहतमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी कैरो येथे परिषद बोलाविली. जमलेल्या सुमारे चाळीस तज्ज्ञांत गर्ट्रूड ही एकच स्त्री होती. एके दिवशी सारे उंटांवर बसून पिरॅमिड पाहावयास गेले. चर्चिलसाहेब उंटावरून घसरून पडले. खातून मात्र जन्मभर उंटावर वावरल्यासारखी ताठ बसली होती. परिषदेत मक्केच्या शरीफाचे पुत्र फैजल यांना इराकच्या गादीवर बसवावे, असे ठरले. गर्ट्रूड व तिचा स्नेही टी. ई. लॉरेन्स यांनी याचा आग्रह धरला होता. फैजल शूर व समंजस होते. परंतु इराक त्यांचा देश नव्हता. बसऱ्याचे सय्यद तालिब हे गादीचे दुसरे दावेदार होते. त्यांनी धमकीवजा भाषण केले म्हणून, कॉक्स यांच्या घरच्या चहापानाहून परतत असताना, त्यांना वाटेतच पकडून सिलोनला पाठविण्यात आले. त्या चहाच्या वेळी गर्ट्रूड तेथे हजर होती. नंतर लोकांचा कौल घेण्यात आला आणि शंभरांपैकी ९६ मते फैजल यांना मिळाल्याचे जाहीर झाले. असा कौल कितपत मोकळा म्हणावा?

२३ ऑगस्ट १९२१ रोजी सकाळी बगदादमध्ये फैजल यांचा राज्याभिषेक झाला. नव्या राज्याला अजून राष्ट्रगीत नव्हते. म्हणून बँडवर ब्रिटनच्या राजाचे गीत वाजविण्यात आले. देश नवा होता. सूर मात्र परका होता.

नव्या राजाला कोणत्या शेखाशी कसे वागावे, हे सांगण्यापासून राज्याची दक्षिणेकडील सीमा नकाशावर आखण्यापर्यंत कितीतरी कामे गर्ट्रूडने केली. टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या कुरणांतून गुरे-उंट घेऊन फिरत, त्यांतून आता रेषा गेल्या. उत्तरेकडील मोसूलचा डोंगराळ भाग इराकात असावा, असे तिचे मत होते आणि अखेर तसेच झाले. तेथील कुर्द लोकांना वेगळे राज्य हवे होते, ते मिळाले नाही. तिची या देशावरील माया खरी होती, यात संशय नाही. परंतु माया असली तरी दुसऱ्याच्या घराच्या भिंती आपण उभाराव्यात काय, हा प्रश्न उरतोच. आणि त्या भिंतींवरून इराकमध्ये पुढे पुष्कळ रक्त सांडले.

राज्य मार्गी लागले, मंत्री स्वतः निर्णय घेऊ लागले आणि खातूनकडे कमी लोक येऊ लागले. तेव्हा तिने निराळे काम हाती घेतले. इराकची भूमी म्हणजे सुमेर, बाबिलोन व असीरिया या प्राचीन संस्कृतींची भूमी. युरोप-अमेरिकेचे संशोधक उत्खनन करून सापडलेल्या वस्तू आपापल्या देशी नेत. राजा फैजल यांनी १९२२ मध्ये गर्ट्रूडला पुराणवस्तू खात्याची मानद संचालिका नेमले. १९२४ मध्ये तिच्या पुढाकाराने कायदा झाला. यापुढे परवानगीवाचून उत्खनन करता येणार नव्हते आणि सापडलेल्या वस्तूंत इराकचा हक्काचा वाटा असणार होता.

त्याच वर्षी उर या प्राचीन शहराच्या उत्खननस्थळी ती वाटणीसाठी गेली. तेथे लेनर्ड वूली हे संशोधक काम करीत होते. भुंग्याच्या आकाराचा एक सोन्याचा अलंकार सापडला होता. तो कोणी घ्यावा? दोघांनी नाणेफेक करावयाचे ठरविले. इराकात तेव्हा हिंदुस्थानचा रुपयाच चालत असे. त्यामुळे हवेत उडाला तो रुपया! कौल गर्ट्रूडच्या बाजूने पडला आणि अलंकार बगदादला आला. गाईंचे दूध काढण्याचा देखावा असलेली सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची सुंदर पट्टीही तिने इराकसाठी राखली. तथापि या वाटण्यांत परदेशी संस्थांना जरुरीपेक्षा अधिक मिळाले, असे पुढील इराकी जाणकारांना वाटले आणि १९३६ मध्ये त्यांनी अधिक कडक कायदा केला.

जमलेल्या वस्तू प्रथम एका सरकारी खोलीत ठेवण्यात आल्या. ती स्वतः भर उन्हाळ्यात बसून त्यांना क्रमांक घाली, याद्या करी. जून १९२६ मध्ये संग्रहालयाच्या नव्या जागेतील पहिले दालन राजाच्या हस्ते उघडले. परंतु तिची प्रकृती ढासळली होती. त्याच वर्षी धाकटा सावत्र भाऊ ह्यूगो विषमज्वराने गेला होता. घरचा लोखंडाचा धंदा डबघाईस आला होता. इंग्लंडला परतून करावे काय, हे तिला कळेना आणि बगदादमध्येही पूर्वीचे काम उरले नव्हते. ११ जुलैच्या रात्री ती झोपली, ती पुन्हा उठली नाही. दोन दिवसांनी तिला ५८ वर्षे पूर्ण व्हावयाची होती. त्याच दिवशी सायंकाळी बगदादच्या ब्रिटिश दफनभूमीत तिचा अंत्यविधी झाला. इराकमधील पुराणवस्तुसंशोधनासाठी एक संस्था निघावी, म्हणून तिने मृत्युपत्रात ६,००० पौंड ठेवले होते.

तिने उभारणीस हातभार लावलेले राजघराणे १९५८ च्या क्रांतीत नष्ट झाले. तिचे संग्रहालय मात्र वाढत गेले आणि १९६६ मध्ये त्याला मोठी वास्तू मिळाली. एप्रिल २००३ च्या युद्धात ते लुटले गेले. सुमारे पंधरा हजार वस्तू नाहीशा झाल्या. त्यांतील हजारो वस्तू पुढे परत मिळाल्या आणि २०१५ मध्ये संग्रहालय लोकांसाठी पुन्हा उघडले. गर्ट्रूडने घेतलेली सुमारे सात हजार छायाचित्रे इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात जतन करून ठेवली आहेत. त्यांत दिसणाऱ्या कित्येक मशिदी, मनोरे आणि कमानी आता जागेवर उभ्या नाहीत. त्या कशा होत्या हे पाहावयाचे झाल्यास वाळवंटात उंटावरून कॅमेरा वाहून नेणाऱ्या त्या बाईंच्या चित्रांकडेच वळावे लागते.